स्त्री-पाठ, प्रसादासह

आमच्या घरी एका निबंधाची आरती झाली आणि तो निबंध माझा होता.

मी रायपूरला एम.ए. करते, हिंदी माध्यमातून. विषय आहे जुनी नाटकं आणि समीक्षेचे सिद्धांत. आमच्या वर्गात नाटकाला कोणी नाटक म्हणत नाही, ‘पाठ’ म्हणतात. पाठ बघून रडायचं नसतं. त्याला उभं करून जाब विचारायचा : इथे बोलतं कोण, गप्प कोण आणि त्या गप्प राहण्यात फायदा कुणाचा? मला हे पहिल्याच दिवशी जमलं. बीरगांवच्या कारखान्यांच्या फाटकांवर पत्रकं वाटून मी मोठी झालेय, जाब विचारण्याशिवाय मला दुसरं काही येतही नाही.

माझ्या वाट्याला आलं एक जुनं संगीत नाटक. राजा राणीवर संशय घेतो, राणी वनात जाते, तिथे भरपूर गाते, शेवटी राजाही गातो आणि राणी त्याला माफ करते. सगळे राणीवर लिहितात. मी लिहिलं सखी क्रमांक दोनवर. ही बाई पहिल्या अंकापासून राणीला वारा घालते. राणीसोबत वनातही जाते (तिच्यावर कुणी संशय घेतलेला नसताना!). तिला नाव नाही, गायला एक पद नाही. संवाद एकच, ‘होय ताई’. हा अन्याय आहे आणि मी तो जाडजूड निबंधात सिद्ध केला.

पण ऐकवायचा कुणाला? वर्गातले स्पर्धा परीक्षांच्या क्लासला पळालेले. चळवळीतले सोबती नोकऱ्यांसाठी शहर सोडून गेलेले. ग्रुपवर मी काही टाकलं की निळ्या खुणा उमटत, पुढे शांतता. सरांनी पान न उलटता ‘बढ़िया है’ म्हटलं. मला बढ़िया नको होतं. ‘तू चुकतेस’ असं तोंडावर म्हणून तासभर भांडणारा एक माणूस हवा होता. एकच!

मग मी तेच केलं, जे मला येतं. पत्रक काढलं, हिंदीत, मोठ्या अक्षरांत : ‘रविवार, शाम चार बजे, हमारे घर स्त्री-पाठ. उस सखी के लिए, जो सदियों से चुप है. अवश्य पधारें.’ कॉलेजच्या भिंतींवर चिकटवलं. एक प्रत घरी फ्रिजवर लावली आणि तिथेच घात झाला. आईनं तिचा फोटो काढून पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायकांच्या ग्रुपवर टाकला. आता आमच्या गुढ़ियारी भागात ‘पाठ’ म्हटलं की समीक्षा कुणाला आठवणार? पाठ म्हणजे पोथी, पेटी आणि प्रसाद.

रविवारी मी खाली सतरंजी घातली, भिंतीवर प्रश्नांचा तक्ता लावला आणि नाटकाचं पुस्तक आणायला आत गेले. पुस्तक जागेवर नव्हतं. बाहेर येऊन बघते तर ते चौरंगावर, लाल कापडावर, झेंडूच्या हारात. कॉलेजच्या लायब्ररीच्या शिक्क्यावर ठसठशीत कुंकू!

आईला विचारलं, हे काय करून ठेवलंस? ती म्हणाली, “आता पाठ हाये म्हणते आन् चौरंग नको म्हणते. तुले नेमकं काय पायजे?”

ते समजावेपर्यंत चार वाजले. कॉलेजमधून कोणीही आलं नाही. मी दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले. पाऱ्यातल्या बायका मात्र डोक्यावर पदर घेऊन, फुलं घेऊन आल्या. खोली भरली, मग ओसरी भरली. बाबा दारात चपला ओळीत लावत बसले. शेजारच्या वंदनाकाकू सगळ्यांत पुढे बसल्या आणि त्यांनी पाठ अखंड आहे का, असं विचारलं. मी तत्त्वाला धरून सांगितलं की नाही, हा खंडित पाठ आहे, आपण तो मध्येमध्ये तोडून प्रश्न विचारणार आहोत. खोलीत कुजबुज झाली. खंडित म्हणजे दोष लागणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं. ठरलं की पोरीला मध्ये उठू द्यायचं नाही.

मग मी निबंध वाचला. सगळा. सत्तासंबंध, मौनाचं राजकारण, तळटीपांसकट! माझी वाक्यं पत्रकाच्या सवयीनं चढत जातात आणि शेवटी आदळतात. पहिलं आदळलं तसा मागून आवाज आला, “बोला सखीमाता की...” आणि भरल्या खोलीनं “जय” म्हटलं. मी थांबवायला हवं होतं. पण माझ्या वाक्याला कुणी उत्तर देण्याची ही पहिलीच वेळ होती! पुढचं वाक्य मी जरा जास्तच जोरात आदळलं.

मी त्या सखीच्या हातातला पंखा काढायला गेले होते, या बायकांनी तिला चौरंगावर बसवलं. आता तर तिला ‘होय ताई’ म्हणायचीही सोय राहिली नाही. मी शेवटचा प्रयत्न केला. सांगितलं, प्रश्न विचारा, माझं काय चुकलं ते सांगा, वाद घाला. वंदनाकाकूंनी हात वर केला. मला इतका आनंद झाला की मी उभीच राहिले.

“उपास आता सोडू का वं?”

माझ्या निबंधासाठी त्या सकाळपासून उपाशी होत्या. म्हटलं, सोडा. मग आरती झाली, शिरा वाटला गेला.

निघताना काकूंनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं, म्हणून पाठ आता त्यांच्या घरी ठेवायचा होता. मी ठरवलं, आता स्पष्ट सांगायचं की या पत्रकाचा अर्थ तुम्ही समजता तो नव्हे. तोंड उघडलं आणि आठवलं, लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं याला काडीची किंमत नाही, अर्थ वाचणारा ठरवतो, असं मीच सिद्धांताच्या पेपरात ठणकावून लिहून आले होते. चांगले मार्कही मिळाले होते!

“मंग कधी ठेवू?” काकू म्हणाल्या. “तुले टाइम कधी हाये?”

म्हटलं, रविवारी मोकळीच असते. शनिवारीही. तसं बघितलं तर, काकू, सोमवारपासूनच.