दोन मतपत्रिका आणि भायदे सर

भायदे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते डबे विकायला आलेत असंच मला वाटलं. लग्न होऊन बोर्ली पंचतनजवळच्या आमच्या बौद्धवाडीत मी नुकतीच आले होते. अंगणात सुकट वाळत घातलेली, आणि दारात एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे. दोन्ही खांद्यांना पिशव्या, पिशव्यांतून बिस्किटांचे रिकामे पत्र्याचे डबे डोकावत होते. आम्हाला काही नको, असं मी जरा तोऱ्यातच सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, मलाही काही विकायचं नाही, आजी आहेत का घरात? पुढच्याच महिन्यात मी गावच्या हायस्कूलमध्ये शिक्षिका म्हणून रुजू झाले, तर इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवणारे ज्येष्ठ शिक्षक म्हणून तेच समोर. ही गोष्ट सरांनी स्टाफरूममध्ये कधी काढली नाही. मीच ती सगळीकडे सांगत असते.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या शिस्तीवर, वक्तृत्वावर आणि खडूच्या अचूक नेमबाजीवर इतरांनी लिहिलं असेलच. मला त्या डब्यांबद्दल लिहायचं आहे.

सरांनी आयुष्यभर एकाच विषयाचा ध्यास घेतला: मुंबईच्या गिरणगावातला एक जुना लोकसभा मतदारसंघ, जिथून एकाच वेळी दोन खासदार निवडून जात. आता तो मतदारसंघ नाही आणि ती पद्धतही नाही. देशाच्या पहिल्या दोन निवडणुकांत मात्र असे मतदारसंघ बरेच होते. दोनपैकी एक जागा राखीव, पण दोघांनाही निवडायचं सगळ्यांनीच. म्हणून प्रत्येक मतदाराच्या हातात दोन मतपत्रिका पडत. शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी पडद्याआड ठेवलेली असे. दोन मतपत्रिका दोन वेगळ्या पेट्यांत टाकायच्या आणि बाहेर यायचं.

श्रीवर्धन तालुक्यातल्या माणसाने मुंबईच्या मतदारसंघाचा इतिहास का लिहावा, असं सरांना कायम विचारलं जाई. सरांचं उत्तर ठरलेलं होतं. तेव्हा आपले अर्धे लोक तिथेच होते, गावकीने भाड्याने घेतलेल्या सामायिक खोल्यांत वळकट्या टाकून राहत होते. इथे भात पिकत होतं आणि मतं तिथे पडत होती. सरांचे वडीलही त्यांपैकीच एक. सर म्हणत, की कोण जिंकलं ते सरकारी दफ्तरात सापडतं, पण पडद्याआड माणसाने त्या दुसऱ्या मतपत्रिकेचं काय केलं, ते माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. विचारावं तर माणसं बावरतात. यावर सरांनी काढलेला तोडगा म्हणजे ते डबे. ओटीवर जुन्या लुगड्याचा पडदा बांधायचा, आड चार डबे मांडायचे, त्यांवर फणस, शिंपला अशी कुठल्याही पक्षाची नसलेली चित्रं चिकटवायची, म्हाताऱ्या माणसाच्या हातात दोन कागद द्यायचे आणि स्वतः पाठ फिरवून उभं राहायचं. कोणाला मत दिलं हे सरांनी एकाही माणसाला विचारलं नाही. फक्त तेव्हा हाताने काय केलं, तेवढं करून दाखवा म्हणत. सरांच्या सौभाग्यवतींना, आमच्या माईंना, या इतिहासाची वेगळीच झळ बसली. दिवाळीत चकल्या ठेवायला त्या घरात एकही डबा मोकळा मिळत नसे.

त्या डब्यांनी काय काय बाहेर काढलं! कोणी दुसरी मतपत्रिका सदऱ्याच्या खिशात घालून खोलीवर घेऊन आले होते. कोणी ती पडद्यामागेच जमिनीवर ठेवली होती. कोणाला ती घरातल्या न आलेल्या माणसाची वाटली होती. यात हसू येण्यासारखं पुष्कळ असलं, तरी सर त्यातल्या बोचऱ्या भागाकडे डोळेझाक करत नसत. राखीव जागेच्या उमेदवाराला आपली दुसरी मतपत्रिका द्यायची नाही, असं काही खोल्यांत आधीच ठरलं होतं. सरांच्या स्वतःच्या वाडीची खोली त्यांपैकी एक. पुस्तकाच्या हस्तलिखितातलं ते पान गाळावं म्हणून वाडीतली वडीलधारी मंडळी त्यांच्याकडे आली. सरांनी त्यांना चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि पान ठेवलं. पुढे दोन वर्षं त्यांच्या घरी सत्यनारायणाचं बोलावणं आलं नाही. सरांनी कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, पण त्यांना ते लागलं होतं. माई सांगत म्हणून आम्हाला कळलं.

आता आमच्या आजींकडे येते. आजी म्हणजे माझ्या आजेसासूबाई. दीक्षा घेतल्यानंतरचं त्यांचं पहिलंच मत त्यांनी याच मतदारसंघात दिलं होतं. आजोबा गिरणीत होते. पण त्या पहिल्या दिवशी सरांनी डबे मांडले, तेव्हा आजी आठवत न्हाय म्हणून उठून आत गेल्या. चाळीतल्या नळाला कधी पाणी यायचं हे ज्यांना आठवत होतं, त्यांना हे आठवू नये याचं मला नवल वाटलं. सर मात्र पडद्याचं लुगडं सोडून, घडी घालून निघाले. नंतर ते आमच्याकडे अनेकदा आले, माझ्या बी.एड.च्या अभ्यासासाठी आले, सासरे आजारी असताना रोज आले, पण आजींपुढे तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मतदानाच्या दिवशी आजींना हटकून कणकण येते, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारपण म्हणून आम्ही सोडून देत होतो.

सरांचं पुस्तक छपाईला जायच्या बेतात होतं. मुद्रितं तपासायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं होतं. एका दुपारी मी ओटीवर मोठ्याने वाचत होते. एका बाईंनी दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या आणि नियमाप्रमाणे दोन्ही बाद झाल्या, असं वाक्य आलं. आत तांदूळ निवडणाऱ्या आजींचा हात थांबला.

"त्या बाईनं पण टाकली व्हय दोन्ही एकात?" त्यांनी विचारलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मी पण टाकली. आपला मानूस उभा व्हता. एक देऊन मन न्हाय भरलं."

त्या दिवशी मला सगळं कळलं. तेव्हा मत देऊन घरी आल्यावर त्यांनी मोठ्या हौसेने आजोबांना सांगितलं, तर आजोबांनी कपाळाला हात लावला. दोन्ही फुकट घालवलीस म्हणाले. आजन्म ते चेष्टेत तेच म्हणत राहिले आणि आजी ते मनाला लावून बसल्या. दीक्षेनंतरचं पहिलं मत, तेही आपल्या माणसाला द्यायचं, आणि आपल्याच हाताने वाया गेलं. पुन्हा त्या मतदानाला गेल्याच नाहीत. अख्खं आयुष्य ही बाई हे एकटीने सोसत होती आणि त्याच घरात आम्ही वावरत होतो, या विचाराने मला रडू कोसळलं.

मी सरांना सांगितलं. सरांनी मुद्रिताचं ते पान मागून घेऊन पुन्हा वाचलं. मग म्हणाले, ते वाक्य मी ऐकीव माहितीवर लिहिलं आहे, छपाई थांबवा. त्र्याहत्तरीचे सर, दुखरे गुडघे घेऊन एसटीने मुंबईला गेले आणि तिथल्या ग्रंथालयात बसून तेव्हाचा मूळ कायदा वाचून आले. परतल्यावर घरीही न जाता ते थेट आमच्या दारात उभे राहिले. खांद्याला तीच पिशवी होती, आणि तीत एक डबा. जाताना डबा सोबत का नेला होता, ते मी अजून विचारलेलं नाही.

सरांनी डबा आजींपुढे ठेवला आणि दोन कागद हातात दिले. या वेळी आजी उठून गेल्या नाहीत. दोन्ही कागद त्यांनी त्या एकाच डब्यात टाकले. सरांनी झाकण उघडलं, एक कागद काढून बाजूला ठेवला आणि दुसरा आजींच्या तळहातावर ठेवला.

"आजी, कायदा असा होता. एकालाच दोन्ही दिली तर एक बाद. पण एक मोजायचंच. हे तुमचं मोजलं गेलं."

आजींनी कागद उलटसुलट करून बघितला. "माझं लागलं?"

"लागलं."

"आनी ह्यांनी मरंस्तोवर मला फुकट गेलं सांगितलं," आजी म्हणाल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. सरही रडत होते. पुस्तकातलं ते अख्खं प्रकरण सरांनी नव्याने लिहिलं आणि आपली समजूत चुकीची होती हे प्रस्तावनेत स्वच्छ नोंदवलं.

त्यानंतर लोकसभेची निवडणूक आली. आजींच्या वयाच्या मतदारांसाठी घरी येऊन मत घेण्याची सोय होती. आजींनी ती नाकारली. रांगेत उभी राहीन म्हणाल्या. सर रिक्षा घेऊन आले आणि वाडीच्या मराठी शाळेपर्यंत त्यांना हाताला धरून नेलं. आत पेटी नव्हती, यंत्र होतं. आजी बाहेर आल्या त्या शाई लावलेलं बोट पुढे करूनच. शाळेच्या पायरीवर, सगळ्या रांगेसमोर त्यांनी सरांना बजावलं, "पुढच्या टायमाला पण तुमीच या न्यायला. दुसऱ्या कुनासंगं मी याची न्हाय."

सर, आम्ही विद्यार्थी आणि सहकारी आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य चिंतणारच. पण आजी आता नव्वदीच्या घरात आहेत, आणि पुढच्या मतदानाला जायचं हे त्यांनी पक्कं ठरवलं आहे. तेव्हा गुडघे सांभाळा. आमच्या घरी आपली वाट बघितली जात आहे.