भांडी थांबतात

शाळेतल्या मतदान केंद्रावर बोटाला शाई लागली आणि त्या उग्र वासाने मला लहानपणीच्या, द्वारका चौकाजवळच्या बंगल्यात नेलं. आई तिथे भांडी घासायची. त्या दिवशी आमची अख्खी वस्ती सकाळपासून मतदानाच्या रांगेत होती. बंगलेवाले सुट्टी साधून सहलीला निघाले होते.

"इतका उशीर? तुझ्या एका मतावाचून काय अडणार होतं?" मॅडम कडाडल्या.

आईने शाईचं बोट पुढे केलं. "अडत नाही, तर मतं मागायला आमच्या दारात कशाला येतात? भांडी थांबतात मॅडम, मतदान थांबत नाही."

मी लाजून तिचा पदर ओढत होते. त्या लाजेचा आज संताप येतो.

शाळेबाहेर माझाच मुलगा सहलीला निघायच्या घाईत गाडीत बसून हॉर्न वाजवतोय. वाजव म्हणावं. माझं बटण दाबायचं बाकी आहे.