गोठ्यातली प्रार्थना

मेल्या म्हशीला मणभर दूध, असं म्हणतात. ते माणसांनाही लागू आहे. म्हातारी जाऊन पाच दिवस झाले होते आणि भेटायला येणारा प्रत्येक जण तिच्या नावावर चार-चार लिटर वाढवून जात होता.

"काय गोड बोलणं होतं हो त्यांचं!" शेजारीण म्हणाली, आणि चहा देणाऱ्या सुनेला ठसका लागला. म्हातारीला सारा गाव मागून फौजदार म्हणायचा. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. एकसष्टाव्या वर्षी ती ट्रॅक्टर शिकली, का, तर मुलगा म्हणाला होता, "आई, तुला नाही जमणार." पहिल्याच दिवशी तिने तो याच शेजारणीच्या कुंपणाच्या भिंतीतून आरपार नेला, खाली उतरली आणि म्हणाली, "भिंत चुकीच्या जागी बांधलीय." पडलेली भिंत चार हात मागे सरकवून पुन्हा बांधली गेली. शेजारीण आता त्याच भिंतीपलीकडून येऊन डोळ्यांना पदर लावत होती.

मुलाने तर कहर केला. आईचे शेवटचे शब्द काय होते, असं कोणीतरी विचारलं. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सगळे मिळून राहा, म्हणाली."

सून तिथेच उभी होती. म्हातारी दुपारी खुर्चीत बसून रेडिओवर हवामानाचा अंदाज ऐकत होती, "खोटारडे मेले" म्हणाली आणि तिने मान टाकली. बस, एवढंच.

"अहो, असं कुठे म्हणाल्या त्या?" तिने नंतर स्वयंपाकघरात नवऱ्याला विचारलं.

"मग काय सांगू लोकांना? हवामान खात्याला शिव्या घालून गेली म्हणून?"

तिने उत्तर दिलं नाही. उत्तर न देणं हे तिचं या घरातलं सव्वीस वर्षांचं काम होतं.

पण सगळ्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा यायची ती गोठ्यातली प्रार्थना. म्हातारी रोज पहाटे आणि संध्याकाळी धार काढायला जाताना गोठ्याचं दार आतून लावून घ्यायची. मग अर्धा तास आतून तिचा आवाज येत राहायचा, खालच्या पट्टीतला, एका लयीतला. आत यायला सगळ्यांना मज्जाव होता. "शब्द कळायचे नाहीत," शेजारीण म्हणाली, "पण भिंतीशी उभं राहिलं की मनाला कसं शांत वाटायचं." सुनेलाही ते खरं वाटत असे. दिवसभर एवढी तोंडाची तोफ चालवणाऱ्या बाईला दिवसातून दोनदा माफी मागावी लागणारच, असा तिचा हिशेब होता.

ही प्रार्थना कोणाला ऐकू जात होती ते देव जाणे. ती बंद झालेली मात्र एकीलाच कळली होती, महाराणीला.

महाराणी म्हणजे गाय. तपकिरी, डावं शिंग वाकडं, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की आपल्याला चुकीच्या घरी आणून बांधलंय. पहिल्या वेतापासून तिला एकच हात माहीत होता. म्हातारी गेली त्या दिवसापासून तिने पान्हा चोरायला सुरुवात केली. तिचं वासरू केव्हाच सुटं होऊन चाऱ्याला लागलं होतं, त्यामुळे त्याचाही उपयोग नव्हता. सून बादली घेऊन बसायची, सड ओढून ओढून तिची बोटं आखडायची आणि बादलीच्या तळाशी मांजराला पुरेल एवढं दूध जमायचं. दुसऱ्या दिवशी तिने म्हातारीचा कोपरावर फाटलेला स्वेटर अंगात घातला. गाईने तो हुंगला, सुनेकडे नीट पाहिलं आणि अशी लाथ घातली की बादली दारापर्यंत गेली.

"दुभत्या गाईच्या लाथा गोड," नवरा म्हणाला.

"दुभती असेल तर," सून गुडघा चोळत म्हणाली.

नवऱ्याने स्वतः प्रयत्न करून पाहिला. तो बसताच महाराणीने शेपटीने त्याचा चष्मा उडवला. चौथ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. कास दगडासारखी झाली होती. त्यांनी सुई टोचली, दूध उतरलं, गाईने सुस्कारा सोडला. पण निघताना ते म्हणाले, "रोज रोज सुई देता येणार नाही, वहिनी. ही अशीच अडवून धरत राहिली तर कास सुजेल, एखादं सड कायमचं जाईल. जिच्या हाताला सोडेल अशी बाई शोधा, नाहीतर वेळेवर विकून टाका."

नवऱ्याने त्याच संध्याकाळी दलालाला फोन केला. तो सकाळी नऊला येणार होता.

सुनेने हेही निमूट ऐकून घेतलं. पण तिचं लक्ष आपल्या हातांकडे गेलं. नवी सून म्हणून आली तेव्हा तिने एकदा हौसेने बादली उचलली होती. म्हातारीने तिचा पंजा हातात घेऊन, बाजारातलं वांगं दाबून पाहावं तसा दाबून पाहिला होता. "मऊ आहे," ती म्हणाली होती. "फुलं तोडायला ठीक." त्यानंतर सव्वीस वर्षांत बादली तिच्या हाती आली नव्हती. उद्या गाय गेली, की म्हातारीचं ते म्हणणं कायमचं खरं ठरणार होतं. आणि मेलेल्या माणसाशी भांडून निकाल फिरवता येत नाही.

पहाटे ती एकटीच गोठ्यात गेली. गव्हाणीत पेंड टाकली, कास कोमट पाण्याने धुतली, सडांना तूप लावलं. मग गाईच्या कुशीला कपाळ टेकून म्हणाली, "बाळा, सोड ना गं. माझी राणी ती. शहाणी ती."

महाराणीने आधी पाण्याच्या बादलीत पाय घातला आणि मग ती उलटवली.

ओल्या साडीने सून गोठ्याच्या उंबऱ्यावर येऊन बसली. तिची मुलगी तिथे दात घासत उभी होती. कॉलेजच्या वसतिगृहातून आजीसाठी धावत आली होती आणि गेले पाच दिवस फार कमी बोलली होती. दुधापेक्षा साय प्यारी म्हणतात, तशी ती आजीची साय होती.

"आई, तू तिच्याशी चुकीचं बोलतेयस," ती तोंडातला फेस थुंकून म्हणाली.

"चुकीचं? बाळा म्हणाले, राणी म्हणाले."

"तेच ना. इतकं चांगलं तिच्याशी जन्मात कोणी बोललेलं नाही. घाबरली असेल ती."

"म्हणजे?"

मुलीने इकडेतिकडे पाहिलं. "आजीने शपथ घातली होती. पण आता ती काही मारायला येत नाही. मी लहानपणी चाऱ्याच्या माळ्यावर लपून बसायचे, आठवतं? आजी प्रार्थनाबिर्थना काही करायची नाही. कागाळ्या करायची."

"कोणाच्या?"

"सगळ्यांच्या. तिच्या सासूने पहिल्या वर्षी तिला उलट बोलते म्हणून गोठ्यात धाडलं होतं. तिथे ऐकून घेणारं कोणीतरी भेटलं, मग ती बाहेर यायलाच तयार होईना. आधीच्या गाईंना सासू ऐकवली, मग आजोबा ऐकवले. महाराणीच्या वेळेला..."

"मी," सून म्हणाली.

"पहाटेची अख्खी धार तुझीच असायची. संध्याकाळी बाबा, डॉक्टर आणि शेजारणीची भिंत."

"काय म्हणायच्या?"

"जाऊ दे ना."

"बोल म्हणते ना!"

मुलीने हुबेहूब आजीचा आवाज काढला. "'तुला सांगते महाराणी, आमची सूनबाई भांडी अशी घासते, जशी त्यांची माफीच मागतेय. एकदा तरी आपटावं की नाही एखादं? भिंतीशी भांडलं तर भिंत तरी पडते. हिच्याशी भांडून माझं तोंड दुखलं.'"

आतून महाराणीने हंबरून दाद दिली. दोघींनी वळून पाहिलं.

सून उठली. रिकामी बादली तिने उचलली, आत गेली आणि तिच्या हातून गोठ्याचं दार असं आपटलं गेलं की कौलावरची कबुतरं उडाली. ती खाली बसली. हात कासेला लावले. तोंड उघडलं, तर पहिलं वाक्य सापडेना. सव्वीस वर्षं घडी घालून ठेवलेलं कापड, कुठलं टोक आधी धरायचं?

"तुला सांगते महाराणी," ती अखेर म्हणाली, "ती बाई पत्त्यात चोरी करायची."

गाईचा एक कान वळला.

"नातीबरोबर खेळतानासुद्धा! राजा पदराखाली. आणि साखरेचा डबा उशाशी घेऊन झोपायची, डॉक्टरांना सांगायची, मी शिवत नाही. पंधरा वर्षं माझ्या चहाला नावं ठेवली. तिला चहा कोणी दुसऱ्याने दिला तर ओतून द्यायची, ते वेगळं."

दुसरा कान वळला. सुनेच्या हाताला काहीतरी सैल पडल्यासारखं लागलं. तिने आवाज खाली आणला, एका लयीत धरला.

"माझी साडी अंगावर घेऊन म्हणाली, रंग म्हाताऱ्या बाईचा आहे, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच नेसली. माझा भाऊ आला तर त्याला म्हणाली, तुमची बहीण बोलत का नाही, घरी जीभ विसरून आली का? मी बोलणार कधी? तुम्ही दम घ्यायला थांबलात का कधी?"

पहिली धार बादलीच्या पत्र्यावर वाजली. मग दुसरी.

"आणि ही पोर झाली तेव्हा," सून म्हणाली, आणि आता तिला थांबता येत नव्हतं, "मला ताप होता. उभं राहवत नव्हतं. तर साऱ्या गावाला सांगत सुटली, आमची सून आळशी आहे, लोळत पडलीय, तिचं तोंड बघायला येऊ नका. सगळ्या गावात, महाराणी! मला खिडकीतून ऐकू येत होतं. पोर पाठीशी बांधून गोठ्यात न्यायची, आणि मला तीन आठवडे..."

ती अडखळली. हात चालूच होते.

"तीन आठवडे दारात एक माणूस फिरकला नाही," ती हळू म्हणाली. "मी नुसती झोपले."

बादलीत फेस चढत होता. गाय डोळे अर्धवट मिटून रवंथ करत होती. सुनेने कपाळ तिच्या कुशीला टेकवलं आणि थोडा वेळ नुसताच धारांचा आवाज येत राहिला. तसा महाराणीने पाय झाडला.

"हो, हो, बोलते," सून नाक ओढून म्हणाली. "सरळ सांगितलं असतं तर दात पडले असते का? पण पडलेलेच होते म्हणा. कवळी कुठे ठेवली म्हणून रोज मलाच विचारायची..."

अजून दोन सडं बाकी होती आणि सांगण्यासारखं तर कितीतरी. मध्येच बाहेर मोटारसायकल थांबली. दलाल वेळेआधीच आला होता. "ताई, गाय बघायची होती," त्याने दारावर टकटक केली.

"मेल्या, धार काढतेय, दिसत नाही?" आतून आवाज आला. "गाय विकायची नाही. जा, आणि जाताना फाटक लाव!"

 बाहेर नवऱ्याच्या हातातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग मोटारसायकल सुरू झाली आणि फाटक नीट, कडी घालून, बंद झालं.

सुनेने पुन्हा खालचा सूर धरला. भिंतीपलीकडून शेजारणीचा हळवा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. "ऐकलंस का गं? तुझी आईसुद्धा प्रार्थना करतेय. अगदी सासूसारखीच."

"हो ना काकू," मुलगी म्हणाली. "आज जरा वेळ लागेल. सव्वीस वर्षांची राहिलीय."