शेंदूर फासलेली जागा

खारपाणपट्ट्यात पाणी नाही असं कोणी म्हणत नाही. पाणी आहे, तोंडात घेववत नाही एवढंच. माझी थोरली बहीण भातकुलीजवळच्या एका गावात दिली आहे. तिथे विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. तिच्या दिराच्या किडन्या गेल्या, मग दीरही गेला. तेव्हापासून तिने एकच धोशा लावला होता, लेकरांना प्यायला गोडं पाणी पाहिजे. मी अमरावतीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो, म्हणून मशीन घेऊन तिच्या वावरात गेलो.

काम तसं साधं. ओळीने सळया ठोकायच्या, जमिनीत वीज सोडायची आणि जमीन तिला किती अडवते ते मोजायचं. खाऱ्या पाण्यातून वीज सरळ निघून जाते, गोड्या पाण्याच्या वाळूत अडखळते. दिवसभर उन्हात मोजून मी नाल्याकाठची जागा दाखवली. बाकी सगळं वावर खारं आहे, हेही सांगितलं.

पण आमच्या विद्वान भाऊजींनी आदल्या दिवशीच जागा ठरवून टाकली होती. हातावर नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याचा नारळ बांधाजवळ उभा राहिला, लगेच तिथे दगड मांडून शेंदूर फासला, अगरबत्ती लावली. झालं, देव बसला. आता बसलेला देव उठवायची कोणाची छाती? मग मला कशाला बोलावलं, असं विचारलं तर म्हणाले, बायकोचं समाधान. म्हणजे माझं शास्त्र यांच्या घरातलं भांडण मिटवायला!

बोअर बांधाजवळच मारला. फवारा उडाला, गुलाल उडाला, गावाने भाऊजींना खांद्यावर घेतलं. पाणी चाखायचं मात्र त्या सगळ्या शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही. चाखलं ते बहिणीने, थुंकून टाकलं आणि ती घरी निघून गेली.

संध्याकाळी जेवताना भाऊजी मलाच समजावू लागले. पाणी जरा मचूळ आहे, उपसता उपसता गोडं होईल, मशीनला काय कळतं. बहिणीने बोअरच्या पाण्याचा पेला भरून त्यांच्या ताटाशी ठेवला.

"आधी तुमी प्या," ती म्हणाली. "मंग लेकरायले देतो."

भाऊजी पेल्याला हात न लावता जेवू लागले. घास घशात अडकला, तेव्हा त्यांनी हात लांबवून विकतच्या कॅनमधलं पाणी घेतलं.