निमाच्या भाताला शिळा म्हणू नका

सकाळी कुकर नुकताच चढवला होता आणि फोन वाजला. देवासहून संदीप बोलत होता, माझ्या मावसबहिणीचा, निमाचा मुलगा. "मावशी, आई उरली नाही," तो म्हणाला. मला कळेचना. उरली नाही म्हणजे काय? मग पलीकडून हुंदका आला... आणि उमगलं. संदीपची शाळा हिंदी, नोकरी हिंदी, बायको हिंदी. मराठी त्याला आईशी बोलण्यापुरती येते. हिंदीत माणूसही 'बचतो' आणि भातही 'बचतो'. 'आई वाचली नाही' असं त्याला म्हणायचं होतं. खरं सांगते, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला रागच आला. निमानं तिथल्या तिथे त्याचं वाक्य सुधारलं असतं, आणि आता सुधारायला ती नव्हती, याचा राग. तो अजून गेलेला नाही. उलट तेराव्याला देवासला जाऊन आले आणि दुप्पट झाला. हा लेख त्या रागापोटीच लिहायला घेतला आहे.

निमा आणि मी धारच्या एकाच गल्लीत वाढलो. आमच्या दोघींची घरं संस्थानाच्या काळापासून इथली. बोलणं घरात जुनं मराठी, ओट्यावर माळवी आणि शाळेत हिंदी. लग्न होऊन ती देवासला गेली. नवरा कारखान्यात, बहुतेक पहिली पाळी. उजाडायच्या आत माणूस पोटभर खाऊन बाहेर पडला पाहिजे, आणि पोह्यांवर त्याचं भागत नसे. तेव्हापासून निमा संध्याकाळी भात टाकताना दोन मुठी जास्त टाकायला लागली, ती कायमचीच. हे नीट समजून घ्या, कारण सगळं भांडण इथेच आहे. तिच्याकडे भात उरत नसे, ती तो उरवत असे. ताज्या भाताला फोडणी दिली की त्याचा गोळा होतो. रात्रभर निवलेला भात शितं मोकळी ठेवतो. जेवणं होण्याआधीच ती उद्याचा भात वेगळा काढून परातीत पसरायची, निवला की झाकून फ्रिजमध्ये. जरा आंबूस वास आला तर सरळ टाकून द्यायची, वर ऐकवायची, "काटकसर करायला बसले आहे, विष घालायला नाही."

त्या दोन मुठींतून काय काय निघायचं! फोडणीच्या भातावर इंदुरी पोह्यांसारखी शेव आणि चटपटीत जिरावन मसाला भुरभुरलेला. दही-मिरचीत मळून त्यात ज्वारीचं पीठ मिसळून लावलेली थालीपीठं, कडेनं कुरकुरीत, मध्ये लुसलुशीत. बेसन, तीळ, कोथिंबीर घालून वडे. उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या, जिरं घालून वाटलेल्या भाताच्या पापड्या, ज्यांची राखण करायला ती मला सुटीत बोलावून घ्यायची आणि ज्यांतल्या निम्म्या आम्हीच ओल्या खायचो. आणि निमा स्वतः? रात्री सगळ्यांबरोबर पहिल्या पंगतीला बसून गरम वरणभात, त्यावर तुपाची धार, लिंबू. सकाळी कढईपाशी उभं राहून पहिला वडा तिचा. "रांधणारीनं चाखलंच नाही तर वाढायचं कशाला?" असं तिचं म्हणणं. खायला भारी आवडायचं तिला. भरल्या ताटावर उपाशी राहणाऱ्या बायकांचा तिला मनापासून तिटकारा होता, आणि तसं ती त्यांच्या तोंडावर सांगायची.

देवासच्या कॉलनीत सगळे शेजारी माळव्याचे. होळीनंतरच्या सप्तमीला त्यांच्याकडे चूल पेटत नाही. आदल्या दिवशी रांधलेलं शीतलामातेला दाखवतात आणि तेच खातात. दही-भात-साखरेचा ओलिया घरोघरी फिरतो. आपल्या मराठी घरांत हाच प्रकार श्रावणात, शिळासप्तमीला. निमा दोन्ही पाळायची. "तिकडची माता वेगळी आणि इकडची वेगळी असं थोडंच आहे? शिवाय दोनदा ओलिया मिळतो," असं तिचं साधं गणित. एकदा तिथल्या एका बाईंनी विचारलं, "भाभीजी, आप लोग रोज ही बासी खाते हो क्या?" निमा हसून म्हणाली, "रोज ही सप्तमी है हमारे यहाँ." देवीला चालतो तो भात माणसांना वर्षभर का चालू नये, याचं उत्तर मला आजतागायत कुणी दिलेलं नाही.

एका भादव्यात आम्ही सगळे मांडूला निघालो होतो. वाटेतलं नालछा गाव मागे पडल्यावर निमानं गाडी थांबवायला लावली आणि पळसाची पानं तोडायला उतरली. वर पोचल्यावर एका मोकळ्या जागेत गोवऱ्या पेटवून तिनं पानिये लावले. पानिया मक्याच्या पिठाचा, दोन पानांत दाबून निखाऱ्यावर भाजायचा. पण हिनं पिठात रात्रीचा भात कुस्करून घातलेला. आमचे हे म्हणाले, "निमाताई, लोक मांडूला महाल बघायला येतात, तुम्ही भात घेऊन आलात?" तिनं पान सोलून गरम पानिया त्यांच्या हातावर ठेवला. त्यानंतर हे महालाकडे फिरकलेच नाहीत. छोटा संदीप तर पानाला चिकटलेलं पीठसुद्धा खरवडून खात होता.

आता तेराव्याचं सांगते. कॉलनीच्या हॉलमध्ये जेवणानंतर श्रद्धांजली होती. निमाचा मोठा फोटो, वर फुलांची माळ, खाली लिहिलेलं 'त्यागमूर्ती'. तिथेच माझं डोकं तापायला सुरुवात झाली. मग संदीप उठला. माइक हातात घेऊन, रडत रडत, हिंदीत म्हणाला, "मेरी माँ ने ज़िंदगी भर खुद बासी खाया और हमें ताज़ा खिलाया." सगळा हॉल हळहळला. माझ्या मागचे एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "भिया, माताजी ने तो त्याग की हद कर दी." दुसरं कुणी कुजबुजलं, की शिळं खाऊन खाऊनच प्रकृती गेली असेल. गेली ती हृदयविकारानं, डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. आणि ज्यानं तो 'बासी' भात ताटावर ताट मागून खाल्ला, वड्यांसाठी बापाशी भांडला, तोच हे सांगत होता! मला बसवेना. मी जागेवरून म्हटलं, "संदीप, खोटं बोलू नकोस. तो भात तू खाल्लास, आम्ही सगळ्यांनी खाल्ला, आणि बोटं चाटून खाल्ला. तुझ्या आईनं कुणासाठी काही सोसलेलं नाही. मजेत रांधलं आणि मजेत खाल्लं."

कुणीतरी मला धरून खाली बसवलं, पाणी दिलं. दुःखानं बाई भ्रमली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. संदीपची बायको नेहा तेवढी माझ्याकडे बघत राहिली. संदीपनं नंतर मला निरोपसुद्धा दिला नाही. बाहेर आले तर हॉलच्या मागे केटररची माणसं जिरा राइसची भरली पातेली कचऱ्याच्या गाडीत पालथी करत होती. आत निमाच्या शिळ्या भातावर डोळे पुसणारी मंडळी त्याच्या शेजारून हात धुऊन, सुपारी चघळत निघून गेली. एकालाही काही वाटलं नाही.

मला हे विचारायचं आहे, की बाई गेली रे गेली की तिला उपाशी का ठेवता? पुरुष गेला तर 'मोठा खवय्या माणूस' म्हणून त्याच्या आठवणी काढता. बाई गेली तर तिनं मन मारलं, अर्धपोटी राहिली, शिळं खाल्लं, हेच तिचं प्रमाणपत्र. जिनं खरंच मन मारलं तिच्याबद्दल जरूर बोला, आणि ते कुणामुळे मारावं लागलं तेही बोला. पण निमासारखीच्या हातातली कला काढून घेऊन तिथे त्याग ठेवायचा, हा कुठला न्याय? कारागीर बाईला तुम्ही बिचारी करून टाकलंत. हुशारी कबूल करायला जड जातं, त्याग कबूल करायला काही लागत नाही. दोन अश्रू ढाळले की झालं.

बरेच दिवस संदीपचा फोन नाही. मीही केला नाही. मग गेल्या आठवड्यात, निमाला जाऊन महिना झाला त्या दिवशी, सकाळीच त्याचा आवाज. "मावशी, आईच्या फोटोपुढे वडे ठेवायचे आहेत. तेलात टाकले की फुटतात. तीन घाणे गेले."

"भात कसला घेतलास?"

"ताजा. आत्ताच लावला." आणि मग, "आईला शिळा कसा दाखवू... निदान आता तरी."

मी कपाळावर हात मारून घेतला. रागवावं की रडावं कळेना. "अरे बाबा," मी म्हटलं, "ताज्या भातात पाणी असतं. त्याचा वडा होत नाही. तुझ्या आईनं तरी केला असता का ताज्या भाताचा?" पलीकडे मागून नेहाचा आवाज ऐकू आला, "मैंने पहले ही कहा था. मम्मीजी शाम को ही अलग निकाल लेती थीं." संदीप हळूच म्हणाला, "अलग? जेवणाच्या आधी?" मी म्हटलं, "तुझ्या बायकोला विचार. तिनं बघितलेलं आहे. आज भात निवू दे, उद्या कर. आई एक दिवस थांबेल."

दुसऱ्या दिवशी त्यानं फोटो पाठवला. निमापुढे ताट, ताटात वडे, छान लालसर, एकही फुटलेला नाही. 'त्यागमूर्ती' लिहिलेली पट्टी फ्रेमखालून काढलेली होती. पण वड्यांची रास एका बाजूनं ढासळलेली दिसली. मी फोन करून विचारलं. "नैवेद्य दाखवायचा होता मावशी... पण गरम होते. राहवलं नाही. नेहानं पण घेतले."

मी त्याला रागावले नाही. देवीच्या नैवेद्याला कुणी आधी हात लावत नाही. आईच्या ताटातलं मात्र सगळीच पोरं पळवतात.