टाळ्या न वाजवणारा शेजारी

आखातातल्या अल खोरच्या आमच्या कंपाउंडमधला हा शेजारी अमेरिकेतल्या चॉक्टॉ या आदिवासी जमातीचा. बोलण्याआधी इतका वेळ गप्प राहतो, की समोरच्याला वाटावं झोपला. थालीपिठाला ‘तुमचा कॉर्नब्रेड’ म्हणतो आणि दुसरं मागून घेतो.

यंदाही रहिवासी कमिटीच्या अध्यक्षपदाला कुणीतरी माझं नाव सुचवलं आणि आपल्या रिवाजाप्रमाणे टाळ्यांच्या कडकडाटात मी बिनविरोध अध्यक्ष झालो. हा एकटा हाताची घडी घालून बसलेला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “काय रे, मी नको का?”

त्यानं हाताची घडी सोडली.

“तू चालशील. पण मला कुणी विचारलंच नाही. माझे वडील तरुण होते तेव्हा आमच्या जमातीचा प्रमुख वॉशिंग्टनहून नेमायचे. लोकांनी भांडून मतदान मिळवलं. आमच्या घरात मतं मोजल्याशिवाय टाळ्या वाजत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी खजुराच्या खोक्याला फट पाडून, त्याची मतपेटी करून स्वारी दारात हजर. “यल्ला, चल!”

राग आला, तरी मतदान घेतलं. माझ्याविरुद्ध उभं राहायला माणूसही निघाला! मी जेमतेम निवडून आलो.

“माझं मत त्याला होतं,” माझ्या कानाशी येऊन तो म्हणाला, आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला लागला.