मामंजींचे दात

आमच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींच्या घरी पहिल्यांदा गेलात तर बसायला जागा मिळणार नाही. सोफा होता, तो विकला. सोफ्याच्या आधी कपाट गेलं, कपाटाच्या आधी जेवायचं टेबल. हॉलची एक अख्खी भिंत आता काचेची टाकी आहे, आणि त्या टाकीत एकटाच राहतो एक फुगा मासा, घाबरला की अंग फुगवणारा. गोड्या पाण्यातला, दोन फूट लांब, मांडीएवढा जाड. पिवळ्या अंगावर काळ्या रेघा अशा, की पेन चालतं का हे बघायला कोणी गिरगटलंय. तुम्ही दारात उभे असता तेव्हा त्याचा एक डोळा तुमच्यावर असतो आणि दुसरा स्वयंपाकघरावर.

"नमस्कार करा," वहिनी आतून सांगतात. "मामंजी आहेत."

वहिनी म्हणजे घड्याळजींची बायको. त्यांचे खरे मामंजी जाऊन नऊ वर्षं झाली. जिवंत होते तेव्हा ते ह्याच हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या दारासमोर खुर्ची टाकून बसत आणि सुनेने तेल किती ओतलं, दूध उतू गेलं का, शेजारीण किती वेळ बोलत बसली, ह्याची देखरेख करत. ते गेले आणि तीन वर्षांनी घड्याळजींनी अंगठ्याएवढा एक मासा पिशवीतून घरी आणला. "वाढतो जरा," एवढंच मासेवाल्याने सांगितलं होतं. त्या 'जरा'पायी तीन टाक्या बदलल्या. पाचव्या वर्षी मासा नेमका दाराच्या समोर येऊन थांबायला लागला. तासन्‌तास. डोळे गरगर फिरवत. एक दिवस वहिनींनी हातातला चमचा खाली ठेवला आणि त्या म्हणाल्या, "मामंजी!"

आता बाप कोणाचा? घड्याळजींचा. त्यांनी चिडायला हवं होतं. ते काचेजवळ गेले, नाक लावून बघून आले आणि म्हणाले, "डोळे त्यांचेच आहेत."

स्वभावही त्यांचाच निघाला. सोबतीला म्हणून चार लहान मासे सोडले होते. आठ दिवसांत त्या चौघांत मिळून एक शेपूट उरली. हवेच्या पंपाची जाड रबरी नळी त्याने काकडीसारखी कापली. फुगा माशाला चार दात असतात, दोन वर आणि दोन खाली, एकमेकांना चिकटून पोपटाच्या चोचीसारखे झालेले. त्यांना शिंपला म्हणजे पापड.

घोळ झाला तो इथेच. मासेवाल्याने बजावलं होतं, ह्याला कवचासकट घाला. गोगलगाय शंखासकट, शिंपले बंद, खेकड्याच्या नांग्या अख्ख्या. पण खरे मामंजी शेवटची आठ वर्षं बोळके होते. वहिनींनी त्यांना सगळं सोलून, कुस्करून, मऊ करून भरवलं होतं. माशाला नाव मामंजींचं दिलं आणि हातही त्या वळणावर गेला. रोज सकाळी त्या पाटावर बसत, कोलंब्या सोलत, शिंपले उघडत, गोगलगाई उकडून पिनेने बाहेर काढत.

"कवचासकट घाल म्हणालेत," घड्याळजी सांगत.

"वयस्कर माणसाला?"

"सहा वर्षांचा आहे तो!"

"तुम्हाला काय कळतंय."

दीड वर्ष हे लाड चालले. गल्लीत आम्ही सगळे हसलो. माशाचे दात आपल्या नखांसारखे जन्मभर वाढतात आणि कडक खाल्लं तरच झिजतात, हे आम्हा हसणाऱ्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

एका मंगळवारी मामंजींनी कोलंबी तोंडाशी घेतली आणि ती खाली पडली. पुन्हा घेतली, पुन्हा पडली. बुधवारी तेच.

"अहो, हे रुसलेत."

"मासे रुसत नाहीत."

"तुमचे वडील रुसायचे."

शुक्रवारी वहिनींनी काचेला डोळा लावून पाहिलं. वरचे दात खालच्यांवर शटरसारखे उतरले होते. फटीतून आगपेटीची काडी गेली असती, कोलंबी नाही. पोट आत गेलं होतं. आणि मामंजी स्वयंपाकघराकडे बघतच होते.

मासेवाल्याला बोलावलं. मीही तिथेच होतो, कारण गल्लीत काही झालं की मी तिथेच असतो. मासेवाल्याने विचारलं, "वहिनी, काय चारता ह्याला?" वहिनींनी अभिमानाने सांगितलं. मासेवाला जिथे पूर्वी सोफा होता तिथे बसला, म्हणजे फरशीवर.

"दात कापावे लागणार. नाहीतर आठवडा काढेल, फार तर दहा दिवस."

"मग कापा ना तुम्ही."

"मी?" त्याने डावा हात वर केला. मधल्या बोटाला वरचं पेर नव्हतं. "एकदा एकाचे कापायला गेलो होतो. नीट झोपला नव्हता तो."

जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. ते म्हणाले, "मी गाई बघतो, कुत्री बघतो. मासा मला फक्त ताटात ओळखू येतो."

"अहो, पण घरातच कारागीर असताना शोधताय कुठे?" मासेवाला म्हणाला. "तिळाएवढे स्क्रू बसवणारा माणूस! असा हात कुठे मिळणार?"

सगळ्यांनी घड्याळजींकडे पाहिलं. घड्याळजींनी माझ्याकडे पाहिलं.

आता सांगायलाच हवं. माझ्या वडिलांचं चावीचं घड्याळ सात महिने घड्याळजींच्या ड्रॉवरमध्ये होतं आणि मला रोज "उद्या या" ऐकायला मिळत होतं. एका दुपारी मी न सांगता घरापुढच्या त्यांच्या दुकानात शिरलो. ते डोळ्याला भिंग लावून बसले होते आणि टिकटिक ऐकू येत होती. मला वाटलं, चला, वडिलांचं घड्याळ चालू झालं. मग दिसलं, की चिमट्याचं टोक टेबलाच्या काचेवर आपटतंय. ते हाताने हात दाबून धरत होते आणि टोक आपटतच होतं. मला पाहताच हात टेबलाखाली गेला. गेली दोन वर्षं ते फक्त पट्टे आणि सेल बदलत होते. "हिला बोलू नका," एवढंच ते म्हणाले, आणि मी बोललो नाही. एरवी माझ्या पोटात काही राहत नाही. नेमकं हेच राहिलं.

"करतो मी," घड्याळजी मासेवाल्याला म्हणाले.

मासेवाल्याने रीत समजावली. टबात टाकीचंच पाणी घ्यायचं, त्यात लवंगेचं तेल मोजून थेंब. मासा कलंडला, की ओल्या टॉवेलात धरायचा, तोंड पाण्याच्या वर, कल्ले पाण्यात, आणि कापायचं. झोपायच्या आधी उचललात तर हवा गिळून फुगेल आणि फुगलेलाच मरेल. जास्त वेळ ठेवलात तर उठणार नाही. "दोन मिनिटं. तिसरं लागलं तर मला फोन करू नका."

तेल आणायला वहिनी औषधवाल्याकडे गेल्या. लवंगेचं तेल म्हटल्यावर त्याने विचारलं, "दाढ का?"

"दात."

"कोणाचे?"

"मामंजींचे."

हा माणूस मामंजींच्या अंत्ययात्रेला आला होता. त्याने मुकाट्याने बाटली दिली.

रविवारी दुपारी बारा वाजता टब हॉलच्या मधोमध ठेवला. मला वेळ सांगायचं काम दिलं. घड्याळजींच्या घरात वेळ सांगायला मी! पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. थेंब पडले. मामंजी दोनदा गोल फिरले, मग तिरके झाले, मग पांढरं पोट वर आलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचे दोन्ही डोळे एकाच दिशेने बघत होते. वहिनींनी टॉवेल धरला. घड्याळजींनी दुकानातलं तार कापायचं कटर पुढे नेलं.

कटर दातांवर वाजलं. टिक टिक टिक.

"तीस सेकंद," मी म्हणालो.

त्यांनी हात मागे घेतला, डाव्या हाताने उजवं मनगट आवळलं, पुन्हा पुढे नेला. टिक टिक टिक.

"एक मिनिट."

कटर घसरलं. ओठाला लागलं. पाण्यात लाल दोरा सुटला. वहिनी आता माशाकडे बघत नव्हत्या, हाताकडे बघत होत्या.

"दीड." मी आणखी काही बोलायला हवं होतं. मी फक्त वेळ सांगितली.

"इकडे द्या," वहिनी म्हणाल्या.

"मी करतो."

"अहो, द्या."

"हे माझं काम आहे!" वीस वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. कल्ला हलला. मग बराच वेळ हलला नाही.

"दोन मिनिटं."

वहिनींनी कटर हिसकावलं नाही. खालच्या आवाजात त्या म्हणाल्या, "मामंजींची नखं मीच कापायचे. ते हात झटकायचे, शिव्या घालायचे. हा तर झोपलाय. सोडा."

घड्याळजींनी बोटं उघडली. कटर टबात पडलं. वहिनींनी टॉवेल त्यांच्या हाती दिला, कटर पाण्यातून काढलं आणि कापलं. दाताचा तुकडा भिंतीवर जाऊन आपटला. दुसरा. खालचे दोन.

"तीन," मी म्हणालो.

टाकीत सोडल्यावर मामंजी दगडासारखे तळाला गेले. घड्याळजी स्टुलावर चढले, खांद्यापर्यंत दोन्ही हात पाण्यात घातले आणि माशाला धरून हवेच्या बुडबुड्यांकडे पुढे ढकलू लागले. पुढे, वळवून पुन्हा पुढे, म्हणजे कल्ल्यांतून पाणी जाईल. डाव्या हाताभोवती पाणी शांत होतं. उजव्या हाताभोवती बारीक बारीक वलयं उठत होती, थांबत नव्हती, आणि वहिनी काचेजवळ उभं राहून ती बघत होत्या.

अकराव्या मिनिटाला कल्ला हलला. मग दुसरा. मग एक डोळा हळूच स्वयंपाकघराकडे वळला.

"कधीपासून?" वहिनींनी विचारलं.

हात पाण्यात होते, लपवायला जागा नव्हती. "दोन वर्षं झाली."

"आणि ह्यांना माहीत होतं?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मी घड्याळात बघत राहिलो, जणू कोणी वेळ विचारली होती.

बुधवारी मामंजींनी शंखासकट गोगलगाय खाल्ली. तो कडाका बाहेर दुकानात ऐकू आला. त्याच दिवशी वहिनींनी दुकानाचं शटर ओढलं आणि घड्याळजींना मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. पुढचं वहिनींनीच मला सांगितलं, माझ्याशी बोलायला लागल्यावर, म्हणजे दोन आठवड्यांनी.

डॉक्टरने काही तपासलं नाही, आधी कोरा कागद पुढे ठेवला. म्हणाला, मधून सुरुवात करा आणि गोल गोल बाहेर या, रेघेला रेघ लागू देऊ नका. घड्याळजींना वाटलं, एवढंच? त्यांनी पेन्सिल घेतली. रेघ निघाली ती करवतीच्या पात्यासारखी, आणि तिसऱ्या फेरीत दुसरीवर चढली. डॉक्टरने कागद उचलला, खिडकीकडे धरून पाहिला, खाली ठेवला.

"आता डाव्या हाताने," तो म्हणाला. "एकाच हातात आहे की दोन्हीकडे, ते बघू."

घड्याळजींनी पेन्सिल ह्या हातातून त्या हातात घेतली. वहिनी खुर्ची पुढे ओढून त्या हाताकडे बघत बसल्या.